सिंथसाठी साउंड एक्स्पान्शन कार्ड घ्यायचं का? नवीन वाजवणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला विचारतंच, की दादा, रोलँडचा सेकंडहँड एक्सपी-६० सिंथ घेतलाय, कार्डाचे चारही स्लॉट रिकामे आहेत, कोणतं कार्ड टाकू? आणि मी दरवेळी उलट विचारतो की तुला कमी काय पडतंय? यावर बहुतेक वेळा उत्तर येतं "आवाज वाढवायचेत". हे उत्तर पुरेसं नाही. कार्डाचे पैसे कधीकधी अख्ख्या कीबोर्डच्या निम्म्यापर्यंत जातात, आणि एवढे पैसे टाकण्याआधी एक गोष्ट नक्की माहीत पाहिजे की तुमच्याकडे खरंच आवाज कमी आहेत, की आहेत ते आवाज अजून नीट लावून बघितलेले नाहीत. हा सगळा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

मी इथे मुख्यतः रोलँडच्या जेव्ही आणि एक्सपी मालिकेबद्दल लिहितोय कारण आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत, स्टुडिओत हीच मशीन्स वर्षानुवर्षं वाजली आणि आजही सेकंडहँड बाजारात हीच हाताला लागतात. बाकी कंपन्यांबद्दल मध्येमध्ये सांगेन.

पायरी १: कार्ड म्हणजे नक्की काय ते आधी समजून घ्या

आपल्याकडे कीबोर्डवरच्या कुठल्याही आवाजाला सरसकट "टोन" म्हणतात, "त्या कीबोर्डात शहनाईचा टोन भारी आहे" असं. रोलँडच्या भाषेत मात्र तुम्ही निवडता तो पूर्ण आवाज म्हणजे पॅच, आणि त्या पॅचच्या आत जास्तीत जास्त ४ थर असतात, त्या एकेका थराला टोन म्हणतात. प्रत्येक टोनच्या मुळाशी एक वेव्हफॉर्म असतो, म्हणजे खऱ्या वाद्याचं किंवा दुसऱ्या सिंथचं रेकॉर्ड केलेलं छोटंसं सॅम्पल. त्यावर फिल्टर (आवाजाची चमक कमी-जास्त करतो), एन्व्हलप (आवाज कसा उठतो आणि विरतो ते ठरवतो), इफेक्ट लावून पॅच तयार होतो. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

एक्स्पान्शन कार्ड म्हणजे या वेव्हफॉर्म्सचं आणखी एक गाठोडं, सोबत त्यातून बनवलेले तयार पॅचेस. बस. कार्ड टाकल्याने पॉलिफोनी (एकावेळी किती व्हॉइस, म्हणजे किती टोन वाजू शकतात) वाढत नाही, इफेक्ट वाढत नाहीत, फिल्टर बदलत नाही, कीजचा टच सुधारत नाही. जेव्ही-१०८०, एक्सपी-६०, एक्सपी-८० या सगळ्यांची पॉलिफोनी ६४ आहे आणि चार कार्डं टाकली तरी ६४च राहते.

रोलँडची जुनी कार्डं एसआर-जेव्ही८० नावाची, प्रत्येकात ८ एमबी वेव्ह मेमरी. नंतर आली एसआरएक्स, त्यात ६४ एमबीपर्यंत. आता ८ एमबी म्हणजे किती याचा हिशोब करून बघा: १६ बिट, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ धरलं तर साधारण ९५ सेकंद. दीड मिनिटाच्या वर थोडंसं. तेवढ्यात कंपनीने अख्खा ऑर्केस्ट्रा बसवलाय किंवा जगभरची वाद्यं बसवलीत. त्यामुळे प्रत्येक वाद्याला दोन-चार छोटी सॅम्पल्स मिळतात, तीच आजूबाजूच्या सुरांवर ताणलेली असतात आणि नोट धरून ठेवली की लूप सुरू होतो. हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्या इंजिनिअर लोकांनी त्या दीड मिनिटात जे करून ठेवलंय ते आजही मिक्समध्ये सुंदर बसतं, आणि ते भरगच्च मिक्समध्ये बसतं त्याचं एक कारण हेच की आवाज आटोपशीर आहे. पण एकट्याने वाजवलेला सोलो पियानो हवा असेल आणि तुम्ही ८ एमबीच्या कार्डाकडून आत्ताच्या कित्येक जीबीच्या पियानो लायब्ररीची अपेक्षा ठेवली तर मन मोडेल. एसआरएक्स-०२ कॉन्सर्ट पियानोमध्ये तर अख्ख्या कार्डाची मेमरी एका ग्रँड पियानोवरच खर्च केलीय. मेमरी कुठे खर्च झालीय हे बघणं पॅचेसच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. "२५५ नवीन पॅचेस" लिहिलेलं असलं तरी त्यातले कित्येक एकाच सॅम्पलचे वेगवेगळे कपडे असतात.

अजून एक घोळ इथेच मिटवतो. जुन्या सिंथना मागे किंवा पुढे जी क्रेडिट कार्डासारखी पातळ कार्डं बसतात त्यातली काही फक्त पॅचची सेटिंग्ज साठवतात, उदाहरणार्थ एम-२५६ई हे रॅम कार्ड. त्यात नवीन सॅम्पल नसतं. डी-५० ला असं कार्ड लावलं तर त्यातल्या वेव्ह्ज त्याच राहतात, मांडणी फक्त नवी. त्यामुळे "कार्डासकट देतो" असं कोणी म्हणालं तर कुठलं कार्ड ते नंबरासकट विचारा.

पायरी २: दोन आठवडे वही ठेवा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. तुम्ही जी गाणी खरंच वाजवता, शोमध्ये, भजनी मंडळात, घरी रेकॉर्डिंगला, त्यांची यादी काढा. प्रत्येक गाण्यापुढे लिहा कुठला आवाज लावला आणि तो पटला का. नाही पटला तर का नाही पटला. "खराब वाटलं" असं लिहू नका. "स्ट्रिंग्ज उशिरा उठतात, फास्ट लाइन वाजवता येत नाही", "बासरीत हवा नाही", "ब्रास पीएवर (शोच्या मोठ्या स्पीकर्सवर) पातळ येतो" असं लिहा.

दोन आठवड्यांनी वही उघडली की बहुतेकदा दिसतं की तीसेक गाण्यांपैकी पाच-सहा ठिकाणीच अडचण आहे, आणि त्या पाच-सहातली चार सारख्याच तक्रारीची आहेत. म्हणजे तुम्हाला "आवाज" नकोत, तुम्हाला एक चांगला फास्ट स्ट्रिंग्ज पाहिजे. आता शोध सोपा झाला.

पायरी ३: आहे तेच आधी दुरुस्त करून बघा

एक्सपीवर टोन स्विचची चार बटणं आहेत, १ ते ४. जो पॅच पटत नाही तो निवडा आणि एकेक टोन बंद करून ऐका. मी हे पहिल्यांदा केलं ते गणपतीतल्या एका शोच्या आदल्या दिवशी. भरगच्च स्ट्रिंग्जचा पॅच होता, चारही टोन चालू, आणि तालमीत सस्टेन पेडल दाबून मी दोन हातांनी कॉर्ड बदलत होतो तर आधीच्या कॉर्डचे सूर मध्येच तुटत होते. मला वाटलं मशीन बिघडलं. मग शांतपणे मोजलं: ६४ व्हॉइस, एका कीला ४ टोन, म्हणजे फक्त १६ सूर. डाव्या हाताचे ३, उजव्याचे ४, असे ७ सूर एका कॉर्डला, पेडल दाबलेलं असताना दुसरी कॉर्ड घेतली की १४, आणि तिसऱ्या कॉर्डला मशीनला जुने सूर सोडावेच लागतात. वर सिक्वेन्सरवर बेस आणि ड्रम्स वाजत होते ते वेगळेच. मी टोन ३ आणि ४ बंद केले, ते वरच्या ऑक्टेव्हची नुसती चकाकी देत होते, पीएवर तशीही ती कोणाला ऐकू येत नव्हती. सूर तुटायचे थांबले. मग उरलेल्या दोन टोनचा अटॅक (सूर उठायला लागणारा वेळ) कमी केला, कटऑफ (फिल्टरची मर्यादा, वर केली की आवाज उजळतो) जरा वर केला, आणि हाच पॅच मी अजून वाजवतो. त्या महिन्यात मी ऑर्केस्ट्राचं कार्ड घेणार होतो, पैसेही बाजूला काढले होते.

तर करून बघायच्या गोष्टी या: अटॅक, रिलीज (की सोडल्यावर सूर विरायचा वेळ), कटऑफ, टोनची लेव्हल, ऑक्टेव्ह, रिव्हर्ब किती. एवढ्याच. मॅट्रिक्स, एलएफओ वगैरे नंतर. बदल केला की युजर मेमरीत राइट करायला विसरू नका, नुसता पॅच बदलला की मेहनत गेली. आणि जुनं मशीन असेल तर आतली बॅटरी कधी बदललीय ते विचारा, युजर मेमरी त्या बॅटरीवर टिकते. कार्डाच्या आधी बॅटरी बदलून घ्या आणि त्याआधी सगळ्या डेटाचा बॅकअप घ्या, फ्लॉपी चालत असेल तर फ्लॉपीवर नाहीतर मिडी केबलने कॉम्प्युटरवर.

दुरुस्त करूनही वहीतल्या ज्या तक्रारी शिल्लक राहतात तीच खरी कमतरता. समजा तुम्हाला सितार पाहिजे आणि मशीनमधला सितार नुसता तारेचा टणत्कार करतो, किंवा गायकांच्या कोरसचा "आ" पाहिजे आणि आहे तो "ऊ"च, तर एडिट करून ते येणार नाही, कारण मूळ सॅम्पलच नाही. इथे कार्डाचा विचार सुरू होतो, त्याच्या आधी नाही.

पायरी ४: तुमच्या मशीनमध्ये कोणतं कार्ड बसतं

इथे माझे स्वतःचे पैसे अडकलेत म्हणून जरा सविस्तर. एका विक्रेत्याने मला "रोलँडचं कार्ड आहे, सगळ्यात चालतं" म्हणून एसआरएक्स दिलं आणि माझ्याकडे होता एक्सपी. कनेक्टरच वेगळा. ते परत घेतलं जायला दीड महिना गेला. एसआर-जेव्ही८० आणि एसआरएक्स ही दोन वेगळी घराणी आहेत, एकाचं कार्ड दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, कुठला अडॅप्टर वगैरे शोधू नका.

एसआर-जेव्ही८० घेणारी मशीन्स: जेव्ही-८८० ला १ स्लॉट, जेव्ही-१०८० ला ४, जेव्ही-२०८० ला ८, जेव्ही-१०१० ला १, एक्सपी-५०, ६० आणि ८० ला प्रत्येकी ४, एक्सपी-३० ला २. फक्त एसआरएक्स घेणारी: फँटम-एस आणि फँटम-एक्स कीबोर्ड्सना ४, एक्सव्ही-५०५० ला २, जुनो-जी ला १. मधल्या काळातली काही मशीन्स दोन्ही घेतात, एक्सव्ही-३०८० मध्ये ४ जुनी आणि २ एसआरएक्स, एक्सव्ही-५०८० मध्ये ४ आणि ४, पण तिथेही स्लॉट वेगवेगळे आहेत.

आता गंमत अशी की काही मशीन्समध्ये कार्ड आधीपासूनच आत आहे. जेव्ही-१०१० मध्ये सेशन कार्ड कंपनीनेच बसवून दिलंय. एक्सपी-३० मध्ये सेशन, ऑर्केस्ट्रल आणि टेक्नो या तीन कार्डांचे आवाज आत आहेत. तरी लोक एक्सपी-३० साठी सेशन कार्ड शोधताना मी पाहिलेत, चांगला पियानो पाहिजे म्हणून, आणि तो त्यांच्याकडे आहेच, फक्त बँक बदलून तिथपर्यंत गेलेले नाहीत. सेकंडहँड मशीनमध्ये तर मागच्या मालकाने काय टाकून ठेवलंय कोणास ठाऊक, म्हणून पहिल्यांदा पॅच ग्रुप बदलत जा आणि युजर, प्रीसेटच्या पुढे एक्स्पान्शनचे ए, बी, सी, डी ग्रुप उघडतात का बघा.

यामाहा किंवा कॉर्ग असेल तर वरचं गणित थोडं बदलतं. यामाहाची पीएलजी१५० कार्डं, एस८० किंवा पहिल्या मोटिफमध्ये बसणारी, ही नुसती सॅम्पल्स नसतात, त्यावर स्वतःचं साउंड इंजिन असतं आणि स्वतःची पॉलिफोनी असते, पीएलजी१५०-डीएक्स टाकलं की एफएम सिंथच आत येतो. कॉर्ग ट्रायटनची ईएक्सबी-पीसीएम कार्डं मात्र रोलँडसारखी, १६ एमबीची सॅम्पल्स, पण ईएक्सबी-मॉस हे वेगळं, ते ६ व्हॉइसचं वेगळं सिंथ इंजिन आहे. मोटिफ एक्सएफ ला फ्लॅश मेमरी लागते, ५१२ एमबी किंवा १ जीबी, दोन स्लॉट, ती कोरी असते आणि त्यात तुम्ही स्वतः सॅम्पल भरायचं. तेव्हा "कार्ड" हा शब्द ऐकला की यातलं कुठल्या जातीचं ते आधी विचारा. इंजिनवालं कार्ड असेल तर माझं मत जास्त उदार आहे, कारण तिथे मशीनची ताकद खरंच वाढते.

पायरी ५: ऐका, पण ज्या परिस्थितीत वाजवणार त्याच परिस्थितीत

ऑनलाइन डेमो ऐकून कार्ड घेऊ नका. डेमोमध्ये एकेक पॅच एकटा वाजतो, पूर्ण इफेक्टसकट. जेव्ही-१०८० आणि एक्सपी-६०, ८० मध्ये परफॉर्मन्स मोडला, म्हणजे जेव्हा तुम्ही स्प्लिट (कीबोर्डच्या वेगवेगळ्या भागांवर वेगळे आवाज), लेयर (एकावर एक आवाज), १६ पार्ट वापरता तेव्हा, रिव्हर्ब आणि कोरस हे इफेक्ट सगळ्यांत मिळून एकेक, आणि मुख्य ईएफएक्स इफेक्ट एकच. म्हणजे जो इलेक्ट्रिक पियानो एकटा असताना त्याच्या फेझरमुळे गोड वाटला तो स्प्लिटमध्ये टाकला आणि ईएफएक्स दुसऱ्या पार्टला दिलेला असला की एकदम कोरडा. जेव्ही-२०८० मध्ये असे तीन ईएफएक्स आहेत म्हणून तिथे हा त्रास कमी.

म्हणून ज्याच्याकडे कार्ड आहे त्याच्याकडे जाऊन बसा. अर्धा तास मागा. ईएफएक्स बंद करून ऐका. दोन हातांनी, पेडल दाबून, तुमच्या वहीतलं गाणं वाजवा, त्याचं आवडतं गाणं नाही.

आणि मोनोत ऐका. यावर कोणी बोलतच नाही म्हणून मी जोर देऊन लिहितोय. आपल्या बहुतेक शोमध्ये साउंडवाला कीबोर्डला एकच लाइन देतो. मशीनच्या मागे एल-मोनो लिहिलेल्या जॅकमध्ये एकच केबल लावा आणि मग तो स्टीरिओ पियानो, ते रुंद पॅड्स ऐका. काही आवाज मोनोत एकदम पोकळ होतात, डबड्यातून आल्यासारखे, कारण डाव्या-उजव्या सॅम्पलमधला थोडा भाग एकमेकांना खाऊन टाकतो. हेडफोनवर ज्याने डोळ्यांत पाणी आणलं तो आवाज मंडपात गायब झालेला मी स्वतः अनुभवलाय, आणि त्याच शोमध्ये साधा मोनो पियानो शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

आपल्याकडच्या वाद्यांसाठी कार्ड घेणार असाल तर आणखी थोडं. एसआर-जेव्ही८० मालिकेत ०५ हे वर्ल्ड आणि १४ हे वर्ल्ड एशिया, एसआरएक्समध्ये ०९ वर्ल्ड कलेक्शन. यात भारतीय वाद्यं आहेत, पण "इंडियन" लिहिलेलं दिसलं म्हणजे ढोलकी, हलगी, संबळ असणारच असं समजू नका, पॅच लिस्ट आणि वेव्हफॉर्म लिस्ट दोन्ही वाचा, त्या मॅन्युअलसोबत येतात आणि शोधल्या तर मिळतात. शिवाय सितार, सारंगी, बासरी ही वाद्यं सॅम्पलपेक्षा मींडेवर जिवंत होतात. कार्ड तुम्हाला तारेचा नाद देईल, सुरावरून सुरावर जाणं तुमच्या पिच बेंड लिव्हरवर आहे. बेंड रेंज बदलून, पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लावून आहे त्या सितारवर महिनाभर सराव करा, मग ठरवा. तालवाद्यांचं म्हणाल तर ऑर्केस्ट्रात ढोलकी एकतर खरी असते किंवा ऑक्टोपॅडवर असते, कीबोर्डवाल्याने त्यासाठी कार्ड घ्यायची गरज मला तरी कधी पडली नाही.

पायरी ६: दुसरे रस्ते आणि त्यांची किंमत

समजा कमतरता खरी आहे, मशीनमध्ये बसतंय, ऐकून आवडलंय. आता पैशाचं बघू.

रोलँडने स्वतःच हे जुने आवाज सॉफ्टवेअरमध्ये आणलेत. रोलँड क्लाउडवर जेव्ही-१०८० चं प्लगइन आहे, एक्सव्ही-५०८० चं आहे, एसआरएक्स कार्डांची वेगवेगळी प्लगइन्स आहेत. तुम्ही घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करत असाल तर माझं सरळ मत, कार्डाच्या मागे लागू नका, प्लगइन घ्या. तेच सॅम्पल्स, वर आवाज शोधणं आणि सेव्ह करणं सोपं. २०१२ साली आलेल्या इंटेग्रा-७ या रॅक मॉड्यूलमध्ये (म्हणजे कीज नसलेल्या मशीनमध्ये) तर बाराच्या बारा एसआरएक्स कार्डं आत आहेत, एकावेळी चार व्हर्च्युअल स्लॉटमध्ये लोड करायची. तीन-चार एसआरएक्स कार्डांची बेरीज आणि सेकंडहँड इंटेग्राची किंमत एकदा शेजारी-शेजारी लिहून बघा.

नवीन कीबोर्डवाल्यांचं अजून सोपं आहे. एफए-०६, एफए-०८ मध्ये एक्स्पान्शन हे डाउनलोड आहे, रोलँडच्या ॲक्सियल साइटवरून फुकट. जुनो-डीएस आणि आपल्याकडे गावोगावी दिसणारा एक्सपीएस-३० यांनाही नवीन आवाज असेच यूएसबी ड्राइव्हवरून भरता येतात. एक्सपीएस-१० मध्ये तर भारतीय वाद्यांचे आवाज मुळातच दिलेत. म्हणजे यातलं काही तुमच्याकडे असेल तर कार्ड विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही, कोणी विकायला आला तर हात जोडा.

स्टेजवर लॅपटॉप न्यायचा का हा वेगळा विषय. मी नेत नाही. जनरेटरवर लाइट जाऊन परत येते तेव्हा एक्सपी काही सेकंदांत उभा राहतो, लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेसला परत सुरावर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात गायक माझ्याकडे तीनदा बघतो. तुम्ही बहुतेक स्टेजवरच वाजवत असाल, तुमचा हात त्या मशीनवर बसलाय आणि कमतरता एखाद्याच खास आवाजाची आहे, तर कार्ड हा अजूनही सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. पॉवर ऑन केलं की आवाज तिथेच.

किमतीबद्दल माझा नियम सांगतो, हा फक्त माझा आहे. कार्ड मशीनच्या सेकंडहँड किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल आणि वहीतल्या किमान पाच गाण्यांना उपयोगी पडत असेल तर घ्यायचं. एका गाण्यासाठी घ्यायचं नाही, ते गाणं कितीही लाडकं असो. जपानमधून किंवा अमेरिकेतून मागवणार असाल तर कुरिअर आणि कस्टम्स ड्युटी धरून मग एक तृतीयांश बघा, लोक नेमकं तेच विसरतात.

कुठल्या कार्डाला पहिली पसंती? मला विचाराल तर सेशन, ०९ नंबर. पियानो, स्ट्रिंग्ज, ब्रास, बेस, ड्रम्स असं रोजचं जेवण त्यात आहे. मोठ्या स्ट्रिंग्जवाली गाणी जास्त असतील तर ०२ ऑर्केस्ट्रल. जुन्या ऑर्गन, इलेक्ट्रिक पियानोवर जीव असेल तर ०८, साठ-सत्तरच्या दशकातल्या कीबोर्ड्सचं. ०४ व्हिंटेज सिंथचं नाव फार मोठं आहे आणि ते योग्यच आहे, पण ज्याला स्वतः आवाज घडवायला आवडतं त्याच्यासाठी ते, तयार पॅच लावून गाणं वाजवणाऱ्यासाठी नाही. टेक्नो, हिपहॉप, हाउस ही कार्डं त्या काळच्या लूप्स आणि बीट्सनी भरलेली, त्याचा शौक असेल तरच.

पायरी ७: सेकंडहँड घेताना आणि बसवताना

कार्डावर रॉम असते, तिला बॅटरी नाही, वापरून आवाज झिजत नाही, त्यामुळे जुनं म्हणून घाबरू नका. बघायचं ते कनेक्टर: वाकलेली पिन, हिरवट गंज, सोल्डरला तडा. कार्डावर नंबर छापलेला असतो तो वाचा, फोटोवर विश्वास ठेवू नका. शक्य असेल तर तुमचं मशीन घेऊन जा आणि समोर लावून प्रत्येक वाद्य खालच्या कीपासून वरच्या कीपर्यंत वाजवा, एखाद्या पट्ट्यात करकर किंवा शांतता आली तर परत द्या.

बसवताना प्लग भिंतीतून काढा, नुसतं स्विच ऑफ नाही. कीबोर्ड उलटा करायचा तर चारही कोपऱ्यांखाली रद्दी पेपरचे गठ्ठे द्या म्हणजे स्लायडर आणि बेंड लिव्हरवर वजन येणार नाही. मॅन्युअलमध्ये दाखवलेत तेवढेच स्क्रू काढा आणि ते स्टीलच्या वाटीत ठेवा, आत पडलेला एक स्क्रू सगळा बोर्ड जाळू शकतो. हाताला स्टॅटिक असतं, म्हणून आधी एखाद्या उघड्या धातूला, नळाला वगैरे हात लावा, मग कार्ड कडेने धरा, सर्किटला बोट नको. कनेक्टर सरळ रेषेत आणून सावकाश दाबा. प्लास्टिकचे होल्डर असतात ते कार्डाच्या भोकांतून वर येतात, कार्डासोबत मिळणाऱ्या छोट्या टूलने ते लॉकच्या दिशेने फिरवले की कार्ड पक्कं. सेकंडहँडमध्ये ते टूल बहुतेक हरवलेलं असतं, तेव्हा पक्कड वापरून होल्डर तोडू नका, बोटांनी हळूच फिरतात. घट्ट जात असेल तर थांबा, तिरकं बसलेलं असतं.

चालू केलं आणि नवीन ग्रुप दिसला नाही तर घाबरून जाऊ नका, बंद करून प्लग काढा, कार्ड काढून परत बसवा. दहापैकी नऊ वेळा कनेक्टर अर्धवट गेलेला असतो.

आता शेवटचं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. कार्डावरचा पॅच तुम्ही बदलून युजर मेमरीत सेव्ह केला तरी त्याचं सॅम्पल कार्डावरच राहतं, युजर मेमरीत जातात ती फक्त सेटिंग्ज. उद्या कार्ड काढलं किंवा तुमची फ्लॉपी दुसऱ्याच्या मशीनमध्ये लोड केली आणि त्याच्याकडे ते कार्ड नसलं तर पॅचचं नाव दिसेल पण ते टोन गप्प राहतील. बाहेरगावी भाड्याच्या एक्सपीवर वाजवायची वेळ आली तर हे ऐन साउंडचेकला कळतं. म्हणून कार्डावर अवलंबून असलेल्या युजर पॅचच्या नावाच्या शेवटी मी कार्डाचा नंबर टाकतो, ०२ किंवा ०९, आणि प्रत्येक गाण्यासाठी मशीनच्या मूळ आवाजांतून बनवलेला एक पर्यायी पॅच शेजारच्याच नंबरवर ठेवतो. कीबोर्डच्या खाली एक कागद चिकटवलाय, कुठल्या स्लॉटमध्ये कुठलं कार्ड आणि बॅटरी कधी बदलली, तारखेसकट.